आधी यादी छोटी करा

महोदय,

वेळेच्या नियोजनावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. पहाटे पाचला उठा, वर्षाची दहा ध्येये लिहा, रंगीत पेनांनी रकाने भरा... पण हे सगळे करायला माणूस मोकळा कधी असतो? मी रुग्णालयात परिचारिकांच्या ड्युट्या लावते, म्हणून हा प्रश्न मला आधी पडतो.

ड्युटी लावताना रजा आणि रात्रपाळीनंतरची सुटी आम्ही अगोदर मांडतो, मग उरलेल्या जागा भरतो. स्वतःच्या आठवड्याचेही तसेच करावे. झोप, जाण्यायेण्याचा वेळ, घरातल्यांची दुखणीखुपणी आधी. उरलेल्या तासांत नोकरीतले एक आणि स्वतःचे एक, एवढीच ध्येये मावतात. मी सध्या पदविकेचा अभ्यास आणि रोजचे चालणे धरले आहे. पेटी शिकायची हौस वर्षभर बाजूला. वाईट वाटते, पण तिन्ही अर्धवट राहण्यापेक्षा बरे.

शिवाय कामाला किती वेळ लागेल, याचा आपला अंदाज नेहमी कमीच निघतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या खोडीवर बोट ठेवले होते. सिडनीचे ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पूर्ण व्हायचे होते, खुले झाले १९७३ मध्ये! तिथे आमच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाची काय कथा? मी तरी ‘मागच्या वेळी किती वेळ लागला होता’ हे पाहूनच तारीख ठरवते.

पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठीही एखादा लेख छापावा, ही विनंती.

– एक परिचारिका