शेवटचा भाग यायचाय म्हणून पहिला वाचायचा नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांमध्ये एका वाचकाने लिहिलं होतं की फॅन्टसीची कुठलीही सिरीज पूर्ण झाल्याशिवाय ते तिला हात लावणार नाहीत, अर्धवट गोष्टीत जीव गुंतवायचा आणि मग वर्षानुवर्षं ताटकळत बसायचं हे त्यांना नको आहे. त्यांचा वैताग मला कळतो. पण मी स्वतः अशाच एका शेवटच्या पुस्तकाची वाट बघणारी वाचक आहे आणि मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी वाट बघतेय ती पॅट्रिक रॉथफस यांच्या 'द किंगकिलर क्रॉनिकल'च्या तिसऱ्या आणि शेवटच्या पुस्तकाची. पहिलं 'द नेम ऑफ द विंड' 2007 मध्ये आलं, दुसरं 'द वाइज मॅन्स फिअर' 2011 मध्ये, आणि तिसरं, ज्याचं नाव 'द डोअर्स ऑफ स्टोन' असं सांगितलं जातं, ते अजून आलेलं नाही. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका आडगावच्या खाणावळीचा मालक आहे, क्वोथ. एकेकाळी ज्याच्यावर लोकांनी गाणी रचली होती तो आता नाव बदलून टेबलं पुसत बसलाय. त्याला शोधत एक लेखनिक येतो आणि क्वोथ म्हणतो की सांगतो माझी गोष्ट, पण तीन दिवस लागतील. एक दिवस म्हणजे एक पुस्तक. दोन दिवस सांगून झालेत. आम्ही सगळे तिसऱ्या दिवसाच्या सकाळसाठी थांबलोय.

आणि काय काय राहिलंय बघा! सिरीजच्या नावातच राजाचा खून आहे, पण तो राजा नेमका कोण हे दोन जाडजूड पुस्तकं संपली तरी माहीत नाही. क्वोथ शिकला त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दगडी दार आहे, तांब्याचे चार पत्रे बसवलेलं, त्याच्यामागे काय आहे माहीत नाही. क्वोथच्या खोलीत एक पेटी आहे, तिला तीन कुलुपं, आणि ती त्याची त्यालाच उघडता येत नाहीये. ज्यांनी त्याच्या आईवडिलांना आणि सगळ्या नाटकमंडळीला मारलं त्यांचा हिशोब बाकी आहे. आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, एवढा हुशार, एवढा धीट, जादू आणि संगीत दोन्ही बोटांवर असलेला मुलगा असा विझला कसा? गोष्ट सांगणारा हरलाय हे पहिल्या पानापासून दिसतं, आणि तरी प्रत्येक प्रकरणात वाटत राहतं की आता हा जिंकेल. हे साधणं फार अवघड आहे, आणि म्हणूनच तिसरं पुस्तक लिहिणं किती कठीण असेल याचा मला थोडाफार अंदाज येतो. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तीनही भागांचा कच्चा मसुदा तयार आहे असं लेखकाने सांगितलं होतं. पण कच्चा मसुदा असणं आणि पुस्तक तयार असणं यात खूप अंतर असतं, आणि पहिले दोन भाग छापून झालेत म्हणजे त्यात आता काही बदलताही येत नाही, जे धागे सोडलेत ते तसेच्या तसे उचलून बांधायचे आहेत.

आता वाट बघण्याबद्दल. पत्रलेखकांना वाटतं की वाट बघणं म्हणजे फुकट गेलेला वेळ. माझा अनुभव एकदम उलटा आहे. पुढचं पुस्तक हातात नाही म्हणूनच आम्ही मागची दोन परत परत वाचतो आणि तेव्हाच खरं काय काय दिसायला लागतं. एकच उदाहरण देते, मोठा स्पॉयलर न देता. पहिल्या पुस्तकात लहान क्वोथ एका खानदानी बाईवरचं वात्रट गाणं म्हणत असतो आणि त्याची आई, एरवी इतकी मायाळू, त्याला त्यावरून फटकारते. वाचताना आपण पुढे जातो, आईने मुलाला रागावणं यात नवल काय. मग दुसऱ्या पुस्तकात वडिलांनी आईला चिडवायला केलेलं एक गाणं येतं. ते मोठ्याने म्हणून बघा, मनात नाही, मोठ्याने. शेवटच्या ओळीत आई मूळची कोण होती हे लपवलेलं आहे. क्वोथला स्वतःला अजून ते कळलेलं नाही, किंवा कळलं असलं तरी तो बोलत नाही, पण वाचकाला कळतं. तिन्ही पुस्तकं एका दमात संपवणाऱ्याला हे सापडेल का? मला शंका आहे, कारण पुढे काय झालं याची घाई असली की माणूस गाण्यांवरून डोळे फिरवून पुढे सरकतो.

थिअरींचंही तेच. कोण कोणाचा कोण, पेटीत काय, क्वोथचा जिच्यावर जीव आहे त्या डेनाचा आश्रयदाता नक्की कोण, यावर लोक जीव तोडून वाद घालतात, पानं काढून दाखवतात, एकमेकांची थिअरी खोडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन घेऊन येतात. शेवटचं पुस्तक आलं की हे सगळं एका रात्रीत संपणार आहे. ते यावं असं मला मनापासून वाटतं, रोज वाटतं, पण आत्ताचा हा काळ परत मिळणार नाही हेही तितकंच खरं आहे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो रॉथफस यांच्यापेक्षा नवीन लेखकांसाठी महत्त्वाचा आहे. सिरीजचा पुढचा भाग काढायचा की नाही हे पब्लिशर बहुतेक वेळा आधीच्या भागांच्या विक्रीवरून ठरवतो. पहिला भाग आल्यावर सगळ्यांनीच म्हटलं की पूर्ण होऊ दे मग घेऊ, तर पहिला खपत नाही, पहिला खपला नाही की दुसऱ्याला पैसे कमी, जाहिरात कमी, आणि तिसरा कधी निघतच नाही. म्हणजे अर्धवट राहील या भीतीने न घेतल्यामुळेच ती अर्धवट राहते! प्रसिद्ध लेखकाला याचा फारसा फरक पडणार नाही, त्याचं पुस्तक दहा वर्षांनी आलं तरी लोक तुटून पडतील, पण ज्याचं पहिलंच पुस्तक आहे त्याचं काय? 1990 मध्ये रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा पहिला भाग आला तेव्हा ही सिरीज चौदा भागांची होईल हे कोणाला माहीत होतं? तेव्हाच्या वाचकांनी शेवट झाल्याशिवाय नको म्हटलं असतं तर शेवटापर्यंत गाडी गेलीच नसती.

आणि जॉर्डन यांचंच सांगायचं तर सगळ्यांना जी भीती असते ती तिथे खरी झाली. शेवटचा भाग लिहून व्हायच्या आधी, सप्टेंबर 2007 मध्ये ते गेले. पण आजारपणात त्यांनी टिपणं काढून ठेवली होती, काही भाग सांगून लिहून घेतला होता, शेवटचा प्रसंगही लिहिलेला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी ब्रँडन सँडरसन या तेव्हाच्या तरुण लेखकाची निवड केली, आणि एका पुस्तकाचा ऐवज तीन पुस्तकांत मावला, 2009, 2010 आणि जानेवारी 2013. जे वाचक 1990 पासून बरोबर होते ते तेवीस वर्षांनी शेवटच्या पानावर पोचले. मला हा विचार करून आजही भरून येतं.

दुसरीकडे जॉर्ज मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही सिरीज बघा. पाचवं पुस्तक 2011 चं, सहावं अजून नाही, आणि तिच्यावरची टीव्ही मालिका 'गेम ऑफ थ्रोन्स' तर 2019 लाच संपूनही गेली. शेवट बघून झाला, तरी पुस्तकाची वाट बघणारे लोक तसेच आहेत, कारण त्यांना नुसतं सिंहासनावर कोण बसलं एवढंच नको होतं, ते कसं झालं हे त्याच लेखकाच्या शब्दांत हवं आहे.

लेखकाला शिव्या घालणं मात्र मला बिलकुल पटत नाही. आम्ही पैसे मोजलेत, आता शेवट द्या, असं काही लोक हक्काने म्हणतात. आपण पैसे ज्या पुस्तकाचे दिले ते पुस्तक आपल्याला मिळालं. पुढचं हे वचन आहे, उसनवारी नाही. हां, एक अपेक्षा रास्त आहे, की खोट्या तारखा नकोत. ऑनलाइन दुकानांच्या यादीत अंदाजे टाकलेली रिलीजची तारीख दिसते, लोक ती धरून बसतात आणि तो दिवस नुसताच येऊन जातो. त्यापेक्षा माहीत नाही म्हणून सांगा, आम्ही थांबू. मधल्या काळात रॉथफस यांची त्याच जगातली दोन छोटी पुस्तकं आली, 2014 मध्ये क्वोथच्या ऑरी नावाच्या मैत्रिणीवर आणि 2023 मध्ये खाणावळीतल्या त्याच्या शिष्यावर, बास्टवर. काही लोक चिडले की हे कशाला, तिसरं द्या. मला ती दोन्ही आवडली. ऑरीच्या पुस्तकात तर जवळजवळ काही घडतच नाही, एक मुलगी जमिनीखालच्या खोल्यांमध्ये वस्तू योग्य जागी ठेवत फिरते, आणि तरी ते खाली ठेववत नाही.

संपादकसाहेब, आपल्याकडे एक विनंती. आपल्या पुरवणीत फॅन्टसी येते ती बहुतेक वेळा तिच्यावर सिनेमा किंवा वेब सिरीज निघाल्यावर. चालू असलेल्या सिरीजच्या पहिल्या-दुसऱ्या भागांवर लिहून आणा ना, महिन्यातून एकदा तरी. पुस्तकाला वाचक लागतो तो तेव्हाच.

आणि त्या पत्रलेखकांना सांगते, 'द नेम ऑफ द विंड' घ्या आणि याच आठवड्यात सुरू करा. पेटीत काय असेल यावर माझी एक थिअरी आहे, तुमचं दुसरं पुस्तक संपलं की याच सदरात पत्र टाका, मग मी माझी सांगते.

आपली,
एक नियमित वाचक