महाराजांना भेटून आलो

कोल्हापूर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. अभि यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला सगळं सांगून झालंय, असं बाबांचं म्हणणं. सगळं म्हणजे काय, तर विमानात काय खायला दिलं, रोज किती पावलं चाललो आणि व्हेनिसला बसून घेतलेल्या एका कॉफीला किती पडले. मी फोन मागितला की "एक मिनिट, एक मिनिट" करत बॅटरी संपवायचे. म्हणून हे पत्र. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर घाईत सांगितली असती तर वाया गेली असती.

आधी तुझ्या रागाचं बोलते. "थंडीत कोण जातं इटलीला, मे महिन्यात जा" असं तू तीनदा म्हणालास. बाळा, मे महिन्यातलं तिकीट माझ्या फंडाच्या पैशात बसत नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे थंडीतच जावं असं आता मी सगळ्यांना सांगणार आहे. साडेचारच्या पुढे अंधार पडतो, नाक लाल होतं, दोन-दोन स्वेटर घालून माणूस गाठोड्यासारखा दिसतो, सगळं खरं. पण फ्लॉरेन्सच्या त्या मोठ्या उफिझी संग्रहालयात एका चित्रासमोर मी दहा मिनिटं उभी राहिले आणि मागून कुणी "सरका" म्हणालं नाही. अंबाबाईसमोर दहा सेकंद मिळत नाहीत.

रोममध्ये मात्र गर्दी होती. यंदा त्यांचं पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष, त्यामुळे गावोगावच्या दिंड्या आलेल्या, पुढे एक जण क्रूस धरून आणि मागे सगळे गात. बाबा म्हणाले, "वारीच की." कोलोसियम बघितलं, फोटो पाठवलेत, ते सोड. मला सांगायचंय ते पँथिऑनचं, तिथल्या जुन्या रोमन देवळाचं. दुपारी पाऊस आला म्हणून पाच-पाच युरोचं तिकीट काढून आत शिरलो, तर आतही पाऊस! घुमटाच्या मधोमध जवळजवळ नऊ मीटर रुंदीचं गोल भोक आहे, त्याला काच नाही की झाकण नाही. पाणी सरळ खाली संगमरवरी फरशीवर पडतं, फरशीला पुसट उतार दिलाय आणि मध्ये बारीक भोकं ठेवलीत, त्यातून निघून जातं. एकोणीसशे वर्षं हे असंच चाललंय. घुमट नुसत्या काँक्रीटचा, आत लोखंडाची एक सळी नाही, आणि उंची नि रुंदी दोन्ही सारखीच, त्रेचाळीस मीटरच्या वर. बाबा मान वर करून बघत राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अगं, हा तर आपला खिद्रापूरचा स्वर्गमंडप!" शेजारची जपानी मुलगी दचकली. आकार, काळ, देव, काहीच जुळत नाही खरं तर. पण छताला मुद्दाम भोक ठेवून आभाळ आत घ्यायचं, हे दोन्हीकडच्या माणसांना सुचलं याची मला गंमत वाटली. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात अठ्ठेचाळीस खांबांच्या मध्ये उभं राहून तूही लहानपणी असंच वर बघितलं होतंस, आणि कबुतराने प्रसाद दिला होता. आठवतंय?

व्हेनिसचं लगेच उरकते. धुकं इतकं होतं की समोरचं चर्चसुद्धा दिसेना, नुसते बोटींचे भोंगे. मला ते फार आवडलं, बाबांना पैसे फुकट गेल्यासारखे वाटले. त्यांचा सगळा जीव त्या पुराच्या दरवाजांत. समुद्र जिथून खाडीत शिरतो त्या तीन तोंडांशी तळाला अठ्ठ्याहत्तर लोखंडी दरवाजे निजवून ठेवलेत. एरवी पोटात पाणी भरून पडलेले असतात. भरती मोठी येणार असली की हवा भरून ते उठवतात. २०२० पासून चालू आहेत. "पंचगंगेला असं काहीतरी करायला पाहिजे," बाबा म्हणाले. पंचगंगेचा पूर समुद्राकडून येत नाही, डोंगराकडून येतो, हे मी सांगितलं नाही. सुट्टीवर होतो ना.

खाण्याचे हाल झाले नाहीत. भडंग आणि कांदा-लसणाची चटणी नेली होतीच. फ्लॉरेन्सकडचा पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत, पहिल्या दिवशी मला वाटलं घालायला विसरले. पण त्याच शिळ्या पावाचं ते एक दाट सूप करतात, पांढरा घेवडा आणि काळपट पानांची एक भाजी घालून. नाव रिबोलिता, म्हणजे पुन्हा उकळलेलं. तुझी आजी भाकरीचा काला करायची ना, त्याचीच मावसबहीण. बाबांनी त्यावर चटणी भुरभुरली आणि दोन वाट्या खाल्ल्या. वाढणारा मुलगा तुझ्याएवढाच, त्याने बोटाच्या टोकावर घेऊन चव बघितली आणि पळतच आत गेला.

सिएनाला जाताना आम्हाला दंड झाला. ही गोष्ट बाबांनी तुला सांगितली नसणार. साध्या गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यायचा असतो, ते आम्हाला कुठे ठाऊक. तपासनीस आला, तिकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि पावती फाडायला लागला. अठ्ठावीस वर्षं एसटीत दुसऱ्यांची तिकिटं तपासलेला माणूस! बाबा आधी लाल झाले. मग त्या तपासनिसाची पिशवी, पावतीपुस्तक, उभं राहायची ढब बघत बसले. तो पुढच्या डब्यात गेल्यावर म्हणाले, "माणूस कामाला चोख आहे." दिवसभर मग त्याच खुशीत होते. सिएनाचा तो शिंपल्यासारखा उतरता चौक आम्ही दोघांनी बघितला खरा, पण त्यांच्या डोळ्यांपुढे पावतीपुस्तकच असावं.

आता फ्लॉरेन्स.

तिथे भिंतींवर जागोजागी छोट्या पाट्या आहेत, ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इथवर आलं होतं, अशी खूण. कितीतरी पाट्या माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर. सांता क्रोचे म्हणून चर्च आहे, मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ दोघंही तिथेच पुरलेले. तिथे चिमाबुए नावाच्या चित्रकाराने सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी रंगवलेला मोठा लाकडी क्रूस आहे. पुरात तो बुडाला आणि निम्म्याहून जास्त रंग पाण्याबरोबर गेला. त्यांनी तो परत भरून काढला नाही बघ. जिथला गेला तिथे उदासवाणी एक छटा नुसती ठेवून दिलीय, म्हणजे काय गेलं ते दिसावं. मला एकदम २०१९ चा आपला ऑगस्ट आठवला. मावशीच्या घरातलं लग्नाचं अल्बम, उन्हात पसरलेले फोटो, आणि त्यातल्या कुणालाही चेहरा नाही. त्या वेळी फ्लॉरेन्सला चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढायला ठिकठिकाणची कॉलेजातली मुलं धावून आली. त्यांना तिथे अजून चिखलातले देवदूत म्हणतात.

आणि मुख्य गोष्ट. बाबा राजाराम कॉलेजात तीन वर्षं शिकले, तुझा काका शिकला, निम्मं कोल्हापूर शिकलं. पण हे राजाराम कोण, हे कॉलेजात असताना आपण कधी विचारलंच नाही, असं बाबाच म्हणतात. शाहू महाराजांच्या आधीचे ते छत्रपती, मध्ये आणखी एक दत्तक होऊन मग शाहू महाराज आले. सोळाव्या वर्षी गादीवर बसले. समुद्र ओलांडणं पाप मानायचे त्या काळात, १८७० मध्ये, विलायतेला गेले, राणीला भेटले, रोजची डायरी लिहिली. ती मागाहून लंडनला छापलीसुद्धा. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले. वय वीस. हे सगळं सांगणारं वर्तमानपत्राचं एक कात्रण बाबांच्या पाकिटात किती वर्षं होतं, मलाही पत्ता नव्हता. इटली का, स्वित्झर्लंड का नाही, याचं उत्तर त्या कात्रणात होतं.

आमची तारीख दोन दिवसांनी चुकली. २ डिसेंबर, मंगळवार. स्टेशनवरून ट्रॅम घेऊन काशीने बागेपाशी उतरलो. (उच्चार असाच आहे, मलाही काशी ऐकू आली.) ही बाग नदीकाठाने तीन-साडेतीन किलोमीटर लांब, आणि महाराज तिच्या पार दुसऱ्या टोकाला. अलीकडच्या टोकाला मंगळवारचा बाजार भरलेला, अगदी आपल्यासारखा. स्वेटर, कढया, पनीरचे गोळे, ओरडणारे बाप्ये. मी एक मफलर घेतला. बाबा पुढे निघून गेले होते, मागे वळून न बघता. गुडघ्याचं नावच नाही.

पुढे बाग सुनसान होत गेली. ओली पानं, कुत्री फिरवणारे एक-दोन म्हातारे. एकाला बाबांनी विचारलं, "महाराजा? कोल्हापूर?" त्याला काही कळेना. मग मी नुसतं "इंदियानो" म्हटलं, तसा त्याने लगेच हात केला. तिथल्या लोकांना राजा माहीत नाही, पण त्याच्यावरून पडलेलं पुलाचं नाव रोजच्या तोंडात आहे. १९७८ साली झालेला तारांनी तोललेला मोठा पूल आहे, त्याच्यावरून गाड्यांची घरघर सतत चालू असते.

त्या घरघरीच्या अलीकडे, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो त्या संगमावर, छत्री उभी आहे. छत्री म्हणजे खरोखर आपली छत्री, खांबांवर घुमट, पंचगंगेच्या घाटावर आहेत तशी. नकाशा मँट नावाच्या इंग्रज साहेबाचा. आपला न्यू पॅलेस त्यानेच बांधला, पण नंतर. त्याआधी, १८७४ साली, ही झाली. राजाला आपल्या रीतीने अग्नी द्यायला तिथल्या सरकारकडून खास परवानगी मिळवली आणि संगम शोधून काढला. परमुलखात, डिसेंबरच्या थंडीत, बरोबरच्या माणसांनी लाकडं कुठून आणली असतील, मंत्र कुणाला किती पाठ असतील, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

घुमटाखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंगवलेला. डोक्याला पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा. मी मोठा राजा बघायच्या तयारीने गेले होते. अभि, पोरगं आहे रे ते. गाल अजून भरलेले नाहीत. दागिने काढून घेतले तर तुझ्या बॅचच्या फोटोत मागच्या ओळीत कुठेही उभं राहील.

भोवती लोखंडी कुंपण आहे, आत जाता येत नाही. माझ्या पर्समध्ये अंबाबाईच्या कुंकवाची पुडी असते ना, ती काढली आणि कुंपणाच्या गजालाच बोट टेकवलं. बाबांनी कानटोपी काढली. मी म्हटलं, "अहो, थंडी आहे." ऐकलं नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग इकडेतिकडे कुणी नाही बघून पुतळ्याला म्हणाले, "महाराज, कोल्हापूरची आहोत आम्ही. कॉलेज झक्कास चाललंय." आणखीही काही म्हणाले, पण पुलावरून ट्रक गेला, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

येताना पूर्ण तीन किलोमीटर बोलले नाहीत. बाजार उठला होता, माणसं पेट्या भरत होती. ट्रॅममध्ये बसल्यावर म्हणाले, "त्याला फोन लाव." तो तुझ्या परीक्षेचा दिवस होता, तू उचलला नाहीस. मागाहून तू केलास तेव्हा त्यांनी तुला कॉफीचा भाव सांगितला.

मफलर राखाडी आहे, लोकरीचा, चांगला रुंद. जोशीकाकूंची भाची वीस तारखेला तुझ्याकडे निघतेय, तिच्याबरोबर देते. सोबत भडंग आणि चटणी. सायकलवर जाताना तो गळ्यात घाल, पिशवीत नको. आणि घातलेला फोटो मला पाठव, बाबांना नाही. ते बघून नुसतं "बरं" म्हणतील आणि मग दिवसभर फोन उघडून बघत बसतील.

तुझी,
आई

ता. क. (बाबांच्या हाताने) – पत्र वाचलं. दंडाचं लिहायची गरज नव्हती. छत्रीचा फोटो मोठा करून घेतला आणि काल सकाळी रंकाळ्यावर मंडळींना दाखवला. एकाने नीट न्याहाळून विचारलं, "कुठल्या गावचं देऊळ म्हणायचं हे?"