दोष इथेनॉलचा किती, कार्बोरेटरचा किती?

महोदय,

ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) आल्यापासून जुन्या दुचाकी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, टिकत नाहीत, सिग्नलला थांबल्या की बंद पडतात, अशी तक्रार गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपांवर हल्ली वारंवार ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही, आणि गाडी भंगारात काढण्याइतके तर मुळीच नाही. राजदूत ३५० या गाडीच्या आधारे मी हे मांडू इच्छितो, कारण एकच कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या गाडीत जे खपून जाते ते या गाडीत खपत नाही.

यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ साली आपल्याकडे आणलेली ही टू-स्ट्रोक गाडी ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची असून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर आहे. ती स्लोवर बंद पडू लागली की बहुतेक ठिकाणी स्लोचे स्क्रू आवळून रेस वाढवून दिली जाते. त्यामुळे कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड वर उचलली जाते आणि मूळ दोष तसाच राहून फक्त झाकला जातो. हा दोष अनेकदा कार्बोरेटरमध्ये नसतोच. टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँकेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, शिरते, म्हणून कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले रबर तडकले असेल किंवा क्रँकचे ऑइल सील कडक झाले असेल, तर तिथून जादा हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस लगेच खाली येत नसेल, तर संशय आधी या हवेवर घ्यावा. उलट रेस एकदम खाली जाऊन मग सावरत असेल, तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे, असे समजावे. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर इंजिन तिकडचे ऑइल ओढून पांढरा धूर सोडते, त्यामुळे ते ओळखू येते. दुसऱ्या बाजूचे सील मात्र गाजावाजा न करता पिस्टन जाम करते. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून पाहण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती सरळसरळ आगीला आमंत्रण आहे.

हवेची गळती नाही आणि ठिणगी पाडणारे दोन्ही काँटॅक्ट पॉइंट व ठिणगीचे टायमिंग नीट आहे, याची खात्री झाल्यावरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या दोन्ही फ्लोटची उंची सारखी हवी. स्लोवर पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते हवेच्या दाबाने साफ करावे, तार घालून नव्हे, कारण तारेने मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. त्यानंतर केबलला किंचित ढील ठेवून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे पाहावे लागते. ड्रिलचा एकच बिट आधी एका आणि मग दुसऱ्या स्लाइडखाली सरकवून दोन्हींची उंची जुळवण्याची जुन्या मिस्त्रींची रीत आजही उत्तम आहे. स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारे दोन्ही एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडावेत आणि इंजिन चांगले तापल्यावर बारीक जुळवणी करावी. यासाठी एका सिलिंडरच्या प्लगची कॅप काढून, त्या कॅपमध्ये जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवावा, दुसऱ्या एकट्या सिलिंडरवर गाडी चालेल असे करावे, आणि मग बाजू बदलावी. दोन्ही बाजूंना रेस सारखी आली, की दोन्ही सिलिंडर चालू करून दोन्ही स्लोचे स्क्रू सारखेच सैल करावेत. टॅकोमीटरचा काटा १२०० ते १३०० च्या आसपास शांत राहिला की पुरे. त्याहून खाली आणण्याची हौस या गाडीला मानवत नाही.

आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे ई-२० चे हे प्रमाण साडेतेराच्या जवळ येते. नवी फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने इंधन वाढवून घेते, पण कार्बोरेटर जेटच्या मापाबाहेर जाऊ शकत नाही. परिणामी जेट तेच ठेवल्यास मिश्रण पातळ होते आणि ते स्लोवर सर्वांत आधी जाणवते. उपाय अवघड नाही. या कार्बोरेटरचा एअर स्क्रू आत घेतला की मिश्रण घट्ट होते. पण तो अर्ध्या फेऱ्याच्या आत आणल्याशिवाय गाडी टिकत नसेल, तर पायलट जेट एक नंबर मोठा घालावा, आणि वेगात पेट्रोल पुरवणारा मेन जेटही तपासून घ्यावा, कारण पातळ मिश्रणावर वेगात चालणारे टू-स्ट्रोक इंजिन पिस्टन जाळते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे फ्लोट बाउल (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाट्या) आधीच रिकामे करून ठेवलेले बरे.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला इथेनॉलविषयी आकस असण्याचे कारण नाही. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा जो अंदाज आहे, तो १० टक्के इथेनॉल मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचा आहे. त्याआधीच्या, शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या गाड्या त्या हिशेबात नाहीतच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला आहे, आणि गॅरेजमधल्या नव्या मुलांना तो उघडण्याचे काम क्वचितच मिळते. पुण्यातील एआरएआयसारख्या वाहन-चाचणी व संशोधन संस्थेने जुन्या, प्रचलित दुचाकींसाठी ई-२० वर कोणता पायलट जेट आणि कोणता मेन जेट योग्य, एअर स्क्रू किती फेरे उघडावा आणि कोणते रबरी भाग बदलावेत, याचा एक पानी तक्ता मराठीत प्रसिद्ध करावा, आणि राज्यातील आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या वर्गांत तो भिंतीवर लावला जावा, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, सांगली