बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुझी रायफल ऐनवेळी अडकते म्हणतात, खरं का रे?" तेवढ्यात लाइन गेली. आईला तेव्हापासून झोप नसेल, म्हणून बसून लिहितोय.

बाबा, तुम्ही ऐकलं ते अगदीच खोटं नाही. 1999 ला कारगिलच्या थंडीत इन्सास रायफलच्या प्लॅस्टिक मॅगझिनला, म्हणजे गोळ्यांच्या डबीला, तडे गेल्याच्या तक्रारी होत्या. पण माझी रायफल आजवर एकदाच थांबली, तीही कामठीला ट्रेनिंगमध्ये. ट्रिगर दाबला, नुसतं 'टक्'. मॅगझिन मीच नीट बसवलं नव्हतं, गोळी वर चढलीच नव्हती. तेव्हापासून मॅगझिन लावलं की खाली ओढून बघतो. रात्री अंधारातही हात आपोआप तिकडे जातो.

फौजेत नेम धरण्याला 'शिस्त घेणं' म्हणतात. आपल्याकडे पेरताना तुम्ही धुऱ्यावरच्या पळसावर नजर लावायचे, म्हणून तासं सरळ यायची. मीही तेच करत होतो, अन् गोळ्या पांगत होत्या. इथं उलटं आहे. नजर नळीच्या पुढच्या बारीक टोकावर ठेवायची, लांबचं टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, मग बोट हळूच मागं. वावरातली सवय मोडायला मला बरेच दिवस लागले.

सध्या आहे तिथं थंडी फार. (जागेचं नाव लिहीत नाही, आई, समजून घे.) तेल जास्त झालं तर ते घट्ट होऊन पुर्जे जड चालतात, म्हणून जेमतेम बोट फिरवण्याएवढंच लावतो. बाहेरून आलं की रायफल शेगडीजवळ नेत नाही. गार लोखंडावर ओल धरते अन् बाहेर नेली की तीच गोठते. रोज दोरीला चिंदी बांधून चेंबरकडून, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या बाजूनं, नळीत सोडतो अन् पुढून एका दमात ओढतो, चिंदी कोरी निघेपर्यंत. रायफलच्या बाबतीत मी हयगय करत नाही. आई, एवढ्यावर भरोसा ठेव.

आता माझी काळजी. पराटीवर फवारणी सुरू झाली असेल. नोझल तुंबलं की तुम्ही ते काढून तोंडानं फुंकता, मी लहानपणापासून बघतोय. बाबा, ते औषध म्हणजे विषच आहे. 2017 ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, विसरलात का? नोझल पाण्यात धुवून जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करा. वारा समोरून असेल तर पंप खाली ठेवा. हातमोजे अन् मास्क पार्सलनं पाठवतोय. खुंटीला टांगून ठेवू नका. घालून वावरात गेल्याचं आईनं मला फोनवर सांगायचं.

तुमचा,
बाळू