मन्याची सुई

गोकुळपेठ, नागपूर
१८ मे

प्रिय सुधीर,

तुझ्या मांजरीला, चिंगीला, इन्सुलिन द्यायचं म्हणून काल फोनवर तू दोनदा विचारलंस, "पण टोचायचं नेमकं कुठे?" आणि दोन्ही वेळा मी "अबे, जमते सगळं" म्हणून उडवून लावलं. तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हटलं आधी हा शांत होऊ दे. आता दुपारचे ३ वाजलेत, बाहेर ४५ डिग्री आहे, आमचा बोका मन्या कूलरसमोर उताणा पडलाय. बैजवार लिहितो.

मला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मानगुटीवरच दाखवलं. शिकायला ती जागा सोपी, कातडी भरपूर सैल, आणि मांजराला पत्ताही लागत नाही. मी तीच धरून बसलो. रोज दोनदा, बारा-बारा तासांनी, तीन महिने, डोळे मिटूनही सापडेल अशी एकच जागा. शुगर मात्र एक दिवस बरी, तर दुसऱ्या दिवशी आभाळाला.

चूक पकडली आईने. तुला माहीतच आहे, ती स्वतः कितीतरी वर्षांपासून पोटावर इन्सुलिन घेते. मन्या मांडीवर होता, ती मानेवरून हात फिरवत होती, आणि थांबली. "इथं कडक लागून राह्यलं रे. एकाच जागी किती टोचून राह्यला त्याले? मले डॉक्टर म्हणते जागा बदलवा, मंग त्याले काहून नाही?" हात लावून पाहिलं तर खरंच, केसांखाली कातडी जाडसर, वाळल्या भाकरीच्या कडेसारखी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मानगुटीत रक्तपुरवठा तसाही कमी, त्यात कातडी अशी निबर झाली की औषध कधी लवकर शोषलं जातं, कधी उशिरा. त्यापेक्षा कूस बरी.

कूस म्हणजे बरगड्या संपतात तिथून मागच्या मांडीच्या अलीकडपर्यंतचा भाग, दोन्ही बाजूंनी. छातीची बाजूही चालते. मी सकाळी डावीकडे देतो, संध्याकाळी उजवीकडे, आणि रोज बोटभर सरकतो. कालनिर्णयच्या चौकटीत 'स-डा', 'सं-उ' लिहितो. आई म्हणते दूधवाल्याचा हिशोब वाटतो. जागा बदलण्याआधी मात्र डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडू शकतो. मन्याचे आकडे त्यानंतर बरेच सरळ आले. सगळं श्रेय जागेला देत नाही, त्याच सुमारास त्याचं कोरडं खाणंही बंद केलं होतं.

आता हात कसा चालवायचा ते. चिंगीला आधी खाऊ दे. जेवलीच नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन. ती वाटीत तोंड घालून असताना मागून बस, समोरून सुई घेऊन गेलास तर तिसऱ्या दिवशी पलंगाखाली सापडेल. अंगठा आणि दोन बोटांनी कातडी अलगद उचल, तंबूसारखी. चिमटा काढू नकोस. सुई तंबूच्या शेंड्यात नाही, पायथ्याशी, अंगाला समांतर. दट्ट्या दाब, मनात ५ मोज, सुई काढ, चोळू नकोस. पहिले काही दिवस कुशीवरचे केस थोडे कापून घेतलेस तर कातडी दिसते, बोटांना धीर येतो.

माझी फजिती मात्र ऐकून ठेव. एकदा सुई तंबूच्या एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. केस ओले, आणि बँडेजपट्टीसारखा तो औषधी वास. आता किती आत गेलं, किती बाहेर? मी शहाणा, अंदाजाने अर्धा डोस पुन्हा दिला. रात्री २ वाजता मन्या भिंतीला धरून चालल्यासारखा झोकांड्या खात होता, डोळे कुठेतरी भलतीकडे. हिरड्यांना मध चोळला, गुंडाळून उचलला आणि स्कूटर दवाखान्याकडे. वाचला. तेव्हापासून डोस सांडला असं वाटलं तरी पुन्हा देत नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबतो. एक वेळ शुगर चढली तर चढली, खाली गेली तर तासाभरात खेळ खलास होऊ शकतो. मधाची बाटली तेव्हापासून फ्रीजच्या वरच ठेवलेली असते.

काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही म्हणतात. मन्याचं सुटलेलं नाही. पण मागचे पाय टाचा टेकवून, सशासारखा चालायचा ना? ते गेलं. परवा ओट्यावर उडी मारून आईची मलई खाल्ली. आई ओरडली, मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सोमवारी सकाळी तू पहिल्यांदा देशील तेव्हा व्हिडिओ कॉल लाव. ७ ला मी जागाच असतो, मन्या झोपू देत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. सुई घेताना मेडिकलवाला विचारेल, "चाळीसची की शंभरची?" हा आकडा म्हणजे एका मिलीत किती युनिट इन्सुलिन; तुझ्या बाटलीवर जो असेल तीच घे. चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी. आमच्या फ्रीजमध्ये आईची चाळीसची बाटली आणि मन्याची शंभरची, दोन्ही आहेत. आईच्या सुईत मन्याचं औषध २ च्या खुणेपर्यंत भरलं तर ते ५ युनिट होतं. म्हणून मन्याचा डबा वेगळा, त्यावर आईनेच स्केचपेनने मिशा काढल्यात.