मराठी एसएमएस आणि सत्तरची मर्यादा

महोदय,

सोसायट्या, शाळा मराठीत सूचना पाठवतात आणि एका संदेशासाठी शिलकीतून तीन संदेश कापले गेले की कंपनीला दोष देतात. कारण वेगळे आहे. एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७०. मजकूर लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, मात्रा, हलन्त सारे वेगळे मोजले जाते. ‘कार्यक्रम’ दिसायला चार अक्षरी, फोनच्या हिशेबात नऊ! इंग्रजी मजकुरात एक इमोजी टाकली तरी अख्खा संदेश ७०च्या मर्यादेत येतो. (नोटिशीत हात जोडलेली इमोजी हवीच का?)

आरसीएसला (एसएमएसच्या पुढच्या पिढीच्या संदेशसेवेला) ही मर्यादा नाही, कारण त्यातला संदेश इंटरनेटवरून जातो. गूगल मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये ‘आरसीएस चॅट्स’ सुरू करावे. मात्र समोरच्याचा डेटा बंद असेल तर संदेश अडकतो. तो आपोआप एसएमएसने पाठवण्याचा पर्याय तिथेच मिळतो. तो निवडला की पुन्हा ७०चा हिशेब लागू. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालण्याआधी जुन्या फोनवरचे आरसीएस बंद करायला विसरू नये, नाहीतर काही संदेश जुन्याच फोनकडे जात राहतात.

– एक वाचक, सातारा