आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : वजनकाट्याशेजारी एक टेप ठेवा

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. अलीकडेच हातातून गेलेल्या एका रिपोर्टबद्दल लिहिते आहे. वय ५२, वजन जास्त, सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साचलेली. यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम एएसटी ३८ आणि एएलटी ३६, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) १ लाख ६० हजार. तिन्ही आकडे छापील मर्यादेत, म्हणून कुठे ठळक अक्षर नाही की चांदणी नाही. ‘सगळं नॉर्मल ना?’ म्हणत गृहस्थ रिपोर्ट घेऊन गेले.

मी मागाहून हिशेब केला. वय गुणिले एएसटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) आणि एएलटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. उत्तर आलं २.०६. याला फिब-४ म्हणतात. तो १.३ च्या खाली असेल तर यकृत व्रण साचून बरंच निबर झालेलं असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर ती बरीच वाढते. मधल्यांना फायब्रोस्कॅनसारख्या (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या) पुढच्या तपासणीला पाठवायचं असतं. (पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात.) हे गृहस्थ मधले. पण प्लेटलेट पहिल्या पानावर, एएसटी-एएलटी तिसऱ्या पानावर. एकत्र मांडून बघणार कोण?

आता दुसरी गोष्ट. वजन वाढलेल्या प्रत्येकाचं यकृत सारखं बिघडत नाही. सारख्याच वजनाच्या दोघांत ज्याचं पोट सुटलेलं, त्याला धोका जास्त. मांड्या-नितंबांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी, आतड्यांभोवतीची घातक. इन्सुलिनचं एक काम म्हणजे चरबीच्या पेशींना ‘साठा सोडू नका’ असं बजावणं. शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं की त्या पेशींतून फॅटी अ‍ॅसिड रक्तात सुटत राहतं आणि यकृतात साचतं. शिवाय साखरेपासून, विशेषतः गोड पेयांतल्या फ्रुक्टोजपासून, यकृत स्वतःही चरबी तयार करतं. म्हणून टाइप २ मधुमेह असेल तर यकृताकडे आधी बघायला हवं. वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), कमी एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), वाढलेला रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा बिघाड), रजोनिवृत्तीनंतरचं वय हे बाकीचे सोबती. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार वारशाने आला असेल तर धोका आणखी वाढतो, त्यामुळे सगळा दोष खाण्यावर ढकलू नये.

आणि ‘पिता का?’ हा प्रश्न! न पिणाऱ्यांनाही तो इतक्या संशयाने विचारला जातो की माणसं सोनोग्राफीचा कागद घरी दाखवत नाहीत. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून ‘नॉन-अल्कोहोलिक’ आणि ‘फॅटी’ दोन्ही शब्द काढले, चयापचयाशी जोडून नवं नाव दिलं. आपल्या खात्याच्या पत्रकांतही ते यावं.

माझ्या मागण्या दोनच, आणि त्याही स्वस्त. प्रत्येक आरोग्य तपासणीत वजनकाट्याबरोबर टेप असावी आणि कंबरेचा घेर केसपेपरवर लिहिला जावा. दुसरी, मधुमेही आणि वजन जास्त असलेल्या प्रौढांच्या रिपोर्टवर फिब-४ आपोआप छापून यावा. लागणाऱ्या तपासण्या बहुतेकदा झालेल्याच असतात. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ वाढवायची आहे.

वेळेत कळलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत सूज ओसरू लागते. मात्र उपाशी राहून घाईने उतरवलेलं वजन यकृताला उलट त्रास देऊ शकतं, हेही त्याच पत्रकात लिहा. या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात, म्हणजे हृदयासाठी राबवलेल्या कार्यक्रमातच हे बसेल, नवं खातं नको.

त्या गृहस्थांना मी काही बोलले नाही. रिपोर्टचा अर्थ सांगणं माझ्या अधिकारात नाही. आपला आदेश निघाला, तर त्यांच्या पुढच्या रिपोर्टवर तो आकडा छापलेला असेल आणि डॉक्टरांची नजर त्यावर पडेल.

आपली,
एक लॅब तंत्रज्ञ